पेशंट आत मशीनवर, आपण बाहेर बाकावर: हे बळ येतं कुठून?

गोदाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

माझी बायको गेली काही वर्षं डायलिसिसवर आहे. नाशिकच्या एका सेंटरवर मंगळ-गुरू-शनि, दुपारची शिफ्ट, मशीनवर चार तास आणि लावणं-काढणं धरून पाच. सहानुभूतीसाठी लिहीत नाहीये, आमचं आता बऱ्यापैकी बस्तान बसलंय. पण बाहेरच्या बाकावर बसून जे बघितलं ते कुठेतरी मांडावंसं वाटतंय आणि तुमच्याकडूनही ऐकायचंय.

आमच्या शिफ्टला सिन्नरकडच्या एक आजी येतात. मुलगा तिशीतला, लग्न जमायच्या आतच दोन्ही किडन्या निकामी झाल्या. आजी पहाटे उठून भाकरी बांधून घेतात, एसटीने त्याला घेऊन येतात, तो आत गेला की पिशवीतनं कापूस काढून वाती वळत बसतात. एकदा मी विचारलं, आजी कंटाळा नाही का येत हो, तर म्हणाल्या, "कंटाळून जाऊ कुठं? पोरगं आत हाये." बस, परत वाती वळायला लागल्या.

दुसरी एक बाई पंचवटीत भाजी विकते. नवऱ्याला मशीनला लावलं की धंद्यावर जाते आणि बरोब्बर सुया काढायच्या वेळेला हजर होते. सुया काढल्यावर त्या जागी कापसाचा बोळा बराच वेळ दाबून धरावा लागतो, मशीनमध्ये रक्त गोठू नये म्हणून औषध दिलेलं असतं त्यामुळे रक्त लवकर थांबत नाही. टेक्निशियन मुलगा धरतो की. पण तिला ते स्वतःच धरायचं असतं. हात धुवून येते आणि नवऱ्याचा हात मांडीवर घेऊन दाबून बसते, आणि तेवढ्या वेळात आज मेथीची जुडी कितीला गेली ते सगळं त्याला सांगते. तो डोळे मिटून ऐकतो. चार तासांनी माणूस पिळून निघालेला असतो, बोलायची ताकद नसते, पण मेथीचा भाव ऐकायचा असतो त्याला.

आता आमच्या घरचं. सौ.च्या डाव्या हाताला फिस्टुला आहे, म्हणजे मनगटाजवळ धमनी आणि शीर ऑपरेशन करून जोडलेली असते, त्यामुळे शीर फुगून जाड होते आणि सुया टोचता येतात. तिथे बोट ठेवलं की आतून थरथर लागते, मांजर मांडीवर बसून गुरगुरतं ना तसं. ती थरथर म्हणजे फिस्टुला चालू आहे, बंद पडली तर लगेच डॉक्टरांकडे पळायचं. रोज सकाळी चहाच्या आधी मी तिच्या हातावर बोटं ठेवून बघतो. ती स्वतःही बघू शकते आणि बघतेही, तरी माझं बघून झाल्याशिवाय आमचा दिवस सुरू होत नाही. तीसेक वर्षांच्या संसारात मी इतक्या नेमाने तिचा हात कधी हातात घेतला नव्हता.

भाज्या मी करतो. बटाटा, भोपळा, गाजर काहीही असो, बारीक चिरायचं, कोमट पाण्यात भिजत ठेवायचं, ते पाणी ओतायचं, परत भरपूर पाण्यात उकडायचं, तेही पाणी ओतायचं आणि मग फोडणी. पोटॅशियम कमी करायला. चव निम्मी जाते. म्हणून मी फोडणीवर जीव ओततो, लसूण-मिरची-जिरं यावर माझी आता चांगली कमांड आहे.

सगळ्यात कठीण असतं पाणी. लघवी जवळजवळ बंद झालेल्या माणसाने जे प्यायलं ते पुढच्या डायलिसिसपर्यंत अंगातच राहतं, पायाला सूज, मग छातीत, मग दम. म्हणून डॉक्टर मोजून देतात, आणि त्यात चहा, आमटी, ताक, औषधाबरोबरचा घोट सगळं आलं. एप्रिल-मे महिन्यात नाशिकच्या उन्हात काय होत असेल विचार करा. तर मी काय करायचो, तिच्यासमोर पाणी प्यायचंच नाही, तहान लागली की किचनमध्ये जाऊन ओट्याकडे तोंड करून प्यायचं. एक दिवस ती मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्यासमोर प्या तुम्ही. तुम्ही लपून पिता ना, तेव्हा मला जास्त तहान लागते."

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात हे सुरू आहे. मी समजत होतो की मी तिला बळ देतोय. आणि ते तर ती मला देत होती, कोरड्या तोंडाने.

माझं मत असं झालंय की आधी ताकद गोळा करून या वाटेला कोणी लागत नाही. औषधाची वेळ झाली, शिफ्टची वेळ झाली, भाजी उकडायची आहे, या रेट्यात आजचा दिवस निघतो. आणि ते माणूस आपलं आहे म्हणून उद्याचाही निघेल असं वाटतं. तुमचे अनुभव सांगा. डायलिसिसच पाहिजे असं नाही, कुठलंही लांबलचक आजारपण.

---

सायली_प

काका, "कंटाळून जाऊ कुठं" वाचून पुढचं वाचायला थोडा वेळ लागला. आमच्याकडे आजोबांना पॅरालिसिस झाला तेव्हा आजी रोज सकाळी त्यांची दाढी करायची, कोणी घरी येणार असो वा नसो. आम्ही म्हणायचो अगं एक दिवसाआड कर. तर म्हणायची ते ऑफिसला रोज करून जायचे. तेव्हा लहान होते, आता कळतंय.

---

सिस्टर_मावशी

मी सोलापूरला डायलिसिस युनिटला नर्स आहे, बरीच वर्षं झाली. गोदाकाठ भाऊ, बरोबर लिहिलंय तुम्ही. एक सांगू का, आम्हाला पहिल्या महिन्यात कळतं पेशंट कसा आहे ते. सुरवातीला सगळेच रागात असतात. मलाच का, मी तर दारू पीत नाही, मी तर कुणाचं वाईट केलं नाही. मशीनकडे पाठ करून झोपतात. मग हळूहळू काहीजण वळतात आणि काहीजण नाही वळत. आता मेडिकलचं म्हणाल तर बीपी, शुगर, हिमोग्लोबिन, हार्ट या सगळ्यावर अवलंबून असतं, नुसत्या प्रेमाने क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते दाखवणारा रक्तातला आकडा) खाली येत नाही हे मी नातेवाईकांना स्पष्ट सांगते. पण डायलिसिस चुकवायचं नाही, पथ्य मोडायचं नाही, दर वेळेला परत त्या दोन जाड सुयांसमोर हात पुढे करायचा, हे जे आहे ना ते माणूस स्वतःसाठी फार दिवस करत नाही. कुणासाठी तरी करतो. आमच्याकडे एक रिक्षावाले होते त्यांनी भिंतीवर पेन्सिलने मुलीच्या बारावीच्या परीक्षेची तारीख लिहून ठेवलेली, मशीनवर पडल्यापडल्या दिसेल अशी. मी पुसू दिली नाही कुणाला.

आणि घरचंच माणूस पाहिजे असं पण नाही. आमच्या एकाच शिफ्टचे दोघं जण आहेत, एक बार्शीचे गुरुजी रिटायर झालेले आणि एक मोहोळकडचा हमाली करणारा. शेजारी शेजारी मशीन. गुरुजींना कुणी नाही, मुलगा बाहेरदेशी. तर हा हमाल काय करतो, स्वतःचं आधी संपलं तरी थांबतो. गुरुजींचं बीपी डायलिसिसनंतर पडतं, चक्कर येते, म्हणून त्यांना स्टँडपर्यंत धरून नेतो, बार्शीच्या गाडीत खिडकीला बसवतो आणि मग आपली गाडी बघतो. कोण कुणाचा? गुरुजी एक दिवस आले नाहीत तर त्याने फोन करून करून आम्हाला वेड लावलं.

जाता जाता कामाचं: घरी मीठ कमी करायचं म्हणून लोक बाजारातलं कमी सोडियमचं मीठ आणतात. किडनीच्या पेशंटला अजिबात देऊ नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. पोटॅशियम वाढलं तर हृदय बंद पडू शकतं. साधंच मीठ पण कमी. आणि शहाळ्याचं पाणी नको, पाहुणे हमखास शहाळं घेऊन येतात.

---

पोथीपुराण

सुंदर धागा. मला या विषयाचा इतिहास वाचायची आवड आहे म्हणून थोडी भर घालतो, आणि ती विषयाला सोडून नाही.

डायलिसिसचं मशीन मुळात एका आईसमोर डॉक्टरला काही उत्तर देता आलं नाही यातून आलंय. विलेम कोल्फ नावाचे नेदरलँड्सचे तरुण डॉक्टर, १९३८ साली ग्रोनिंगेनला काम करत होते. त्यांच्या वॉर्डात बाविशीतला एक पोरगा किडनी निकामी होऊन हळूहळू गेला. त्याची आई शेतकरी घरातली गरीब विधवा, हा एकुलता एक. तिला सांगायची वेळ कोल्फवर आली की तुझा मुलगा जाणार आणि मी काही करू शकत नाही. कोल्फच्या मनातनं ते गेलंच नाही. त्यांचा हिशोब साधा होता, या मुलाच्या रक्तात साचणारा युरिया, म्हणजे किडनी एरवी लघवीतनं बाहेर टाकते ती घाण, रोज थोडीशी जरी बाहेर काढता आली असती तरी तो जगला असता.

पुढे युद्ध सुरू झालं, देश नाझींच्या ताब्यात, माल मिळेना. तरी कांपेन नावाच्या छोट्या गावातल्या हॉस्पिटलात १९४३ च्या सुमारास त्यांनी मशीन उभं केलं. सॉसेज भरायचं सेलोफेनचं वेष्टन एका मोठ्या पिंपाला गुंडाळलं, त्यातनं रक्त फिरवलं आणि पिंप खारट पाण्याच्या टाकीत फिरवत ठेवलं. पहिले बरेच पेशंट दगावले. एकामागून एक माणूस जातंय आणि हा गृहस्थ पुढच्या पेशंटला मशीन लावतोय, केवढी हिंमत लागली असेल. १९४५ साली ६७ वर्षांच्या एक बाई वाचल्या.

दुसरी गोष्ट जुळ्या भावांची. २३ डिसेंबर १९५४, बॉस्टन. रिचर्ड हेरिक मरणाच्या दारात होता आणि त्याचा जुळा भाऊ रोनाल्ड किडनी द्यायला तयार झाला. तोवर असं यशस्वी झालेलंच नव्हतं. धडधाकट माणसाचं पोट त्याच्या स्वतःच्या फायद्यासाठी नसताना फाडावं का यावर डॉक्टरांतच वाद. ऑपरेशनच्या आदल्या रात्री रिचर्डने भावाला चिठ्ठी पाठवली की इथून निघ, घरी जा. रोनाल्डने उलट चिठ्ठी पाठवली की मी आलोय आणि मी राहणार आहे. सर्जन होते जोसेफ मरे, त्यांना पुढे १९९० ला नोबेल मिळालं. रिचर्ड त्यानंतर आठ वर्षं जगला, त्याच हॉस्पिटलात ज्या नर्सने त्याची काळजी घेतली तिच्याशीच लग्न केलं, दोन मुलं झाली. रोनाल्ड एका किडनीवर २०१० पर्यंत जगला.

आपल्याकडे १९७१ साली वेल्लोरच्या सीएमसी हॉस्पिटलात यशस्वी किडनी प्रत्यारोपण झालं. माझ्या मते या सगळ्या शोधात जितकी हुशारी आहे तितकाच कुणाचा तरी जीव कुणात तरी अडकलेला आहे.

---

मुक्ता_व

सगळं वाचतेय आणि पटतंयही. तरी एक टोचणारं लिहिते, राग मानू नका.

आपल्या देशात जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायका जास्त आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त आहेत, हे या क्षेत्रातले डॉक्टरच सांगतात. आई देते, बायको देते, बहीण देते. बाईला लागली की मग घरात एकेकाला कारणं सुचतात, तो कमावता आहे, त्याला दोन लहान मुलं आहेत, त्याला शुगर निघेल. माझ्या मावशीने काकांना किडनी दिली. मनापासून दिली, कुणी जबरदस्ती केली नाही, मी साक्षीला आहे. पण घरी आल्यावर तिसऱ्या आठवड्यात ती स्वयंपाकाला उभी होती. काकांना खोली वेगळी, मास्क, डबा वेगळा, पाहुणे बंद, ते सगळं गरजेचंच होतं. पण तिला जड उचलू नको म्हणणारं घरात कोणी नव्हतं. तिने पाण्याची कळशी उचलली तेव्हा मी ओरडले तर सासरचे म्हणाले आता हिला काय झालंय, ऑपरेशन तर त्याचं होतं.

ती अजूनही म्हणते मी परत दिली असती. मला तिच्या प्रेमाबद्दल शंका नाही. मला बाकीच्या घराबद्दल बोलायचंय. एका बाईच्या प्रेमावर सगळं घर आरामात बसतं आणि वर तिचं कौतुक करतं, "काय सोशिक आहे हो". कौतुक नको, कळशी उचला.

आणि ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याप्रमाणे दात्याची संमती स्वतःच्या मर्जीची लागते, दबाव नाही ना हे तपासलं जातं, आणि शेवटच्या क्षणापर्यंत नाही म्हणता येतं. ज्या बाईला नाही म्हणायचंय तिने डॉक्टरांना एकांतात गाठून सांगावं. नाही म्हणणारी बाई कमी प्रेम करते असं अजिबात नाही.

---

सिस्टर_मावशी

मुक्ताताई, शंभर टक्के. सही करायला आलेल्या बाईच्या डोळ्यात बघून मला कळतं, मी तिला चहाच्या निमित्ताने बाजूला घेते आणि विचारते. बहुतेक जणी खरंच मनाने आलेल्या असतात. एखादी रडते.

---

गोदाकाठ

मुक्ता ताई, राग कसला, बरं झालं लिहिलंत. सौ.ला मी द्यायला तयार होतो, ब्लड ग्रुप जुळत नाही. माझा ए, तिचा बी. स्वॅपमध्ये नाव घातलंय, म्हणजे दुसरं असंच एखादं जोडपं ज्यांचं आपल्याशी उलटसुलट जुळतं, माझी किडनी त्यांच्या पेशंटला आणि त्यांच्या दात्याची सौ.ला. आणि मेंदूमृत दात्यांच्या यादीतही नाव आहे, ते हॉस्पिटलमार्फत झेडटीसीसीकडे, म्हणजे अवयव वाटपाची यादी सांभाळणाऱ्या विभागीय केंद्राकडे जातं. बघू कधी नंबर लागतो. बाहेरच्या बाकावर मी बघतो ना, नवरे फार कमी, आया आणि बायका जास्त. तुमचं म्हणणं डोळ्यासमोरचं आहे. मला कोणी येऊन "तुम्ही पुरुष असून किती करता" म्हणालं की अवघडायला होतं, भाजीवाल्या ताईंना असं कोणी म्हणत नाही.

---

आईची_लेक

मी पुण्यात, आई माझ्याकडे, सीएपीडीवर आहे. म्हणजे पोटातनं डायलिसिस, घरच्या घरी. पोटात कायमची नळी असते, दोन लिटरची पिशवी वर टांगायची, औषधाचं पाणी पोटात सोडायचं, काही तासांनी ते खाली दुसऱ्या पिशवीत काढायचं आणि नवीन भरायचं, दिवसातनं चार वेळा, रविवार नाही दिवाळी नाही. प्रत्येक वेळेला पंखा बंद, दारं बंद, मास्क, हात कोपरापर्यंत धुवायचे, कारण इन्फेक्शन झालं तर पोटात होतं आणि जिवावर बेतू शकतं. निघालेलं पाणी रोज उजेडात धरून बघायचं, स्वच्छ पिवळसर असेल तर ठीक, गढूळ दिसलं की तडक हॉस्पिटल.

मला एक गोष्ट लिहायचीये जी लोक लिहीत नाहीत. मला कधीकधी खूप राग येतो. आईचा. शेवटची पिशवी रात्री उशिरा असते आणि ऑफिसचा कॉल लांबला असतो आणि मी हात धूत असते आणि आतून ती म्हणते, "झालं का गं?" तेव्हा इतका राग येतो की नळ बंद करून दोन मिनिटं तशीच उभी राहते. मग जाते. आणि पिशवी लावून झाली की तिच्या शेजारी आडवी होते, पाणी उतरायला जो वेळ लागतो तेवढा वेळ, आणि ती माझ्या केसातनं हात फिरवते. एकाच अर्ध्या तासात हे दोन्ही होतं. आधी मला वाटायचं राग येतो म्हणजे माझं प्रेम खोटं आहे. आता असं वाटत नाही. राग येऊनही हात नीट कोपरापर्यंत धुतले जातात, त्यात एकदाही कुचराई होत नाही, मला वाटतं हेच ते.

आणि तुमचा पाण्याचा प्रसंग वाचून आठवलं. आई सुरवातीला दर पिशवीला सॉरी म्हणायची. तुला त्रास गं माझा, देवाने न्यावं आता. मला ते ऐकून जास्त थकायला व्हायचं. मग एकदा मी ऑफिसातनं येताना कोथिंबीर, मेथी, शेंगा असं सगळं आणून तिच्यासमोर ओतलं आणि म्हटलं आई मला वेळ नाहीये, तू निवडून दे. तेव्हापासून भाजी निवडायचं खातं तिचं. पिशवी चालू असते आणि मांडीवर वर्तमानपत्र पसरून ती शेंगा सोलते. सॉरी बंद झालं. आता उलट ओरडते, काय ही मेथी आणलीस, नुसत्या काड्या, फसवलं तुला. इतकं बरं वाटतं ते ओरडणं ऐकून.

भाऊ सिंगापूरला. तो महिन्याच्या पैशांचं बघतो आणि रोज रात्री आईशी व्हिडिओवर बोलतो, तेवढा वेळ मी गच्चीत जाते. त्या वेळात मला कोणी हाक मारायची नाही. मुक्ता म्हणते तसं, एकटीवर सोडलं असतं तर मी मोडले असते.

---

वऱ्हाडी_माणूस

माझं गाव वरोऱ्याजवळ, लहानपणापासून आनंदवन पाहत मोठा झालो. १९४९ साली बाबा आमटे आणि साधनाताईंनी ते सुरू केलं तेव्हा महारोग्याला गावात पाण्याला शिवू देत नव्हते, माझे आजोबा सांगत. लोक बाबांचं सांगतात, मी साधनाताईंचं सांगतो. बाबांच्या मणक्याचा आजार असा होता की त्यांना बसताच येत नसे, एकतर उभं नाहीतर आडवं. त्या अवस्थेत हा माणूस १९९० मध्ये आनंदवन सोडून नर्मदेकाठी कसरावदला जाऊन राहिला, धरणाच्या लढ्यासाठी, आणि साठी उलटलेल्या साधनाताई सोबत. उभं केलेलं भरलं घर मागे ठेवून.

आणि आनंदवनातली लग्नं. बरे झालेले पण घरच्यांनी परत न घेतलेले लोक, त्यांनी तिथे एकमेकांशी लग्नं केली, संसार थाटले. ज्यांना आईबापांनी टाकलं त्यांना कोणीतरी "हे माझं माणूस" म्हणालं. बोटं झडलेल्या हातांनी तिथल्या लोकांनी विहिरी खोदल्या, शेती केली, माग चालवले. बरं करायला औषध होतंच, पण उठून कुदळ उचलायला हेच लागलं असं आपलं माझं मत आहे भाऊ.

---

सायली_प

@आईची_लेक, नळ बंद करून दोन मिनिटं उभं राहणं... थँक्यू हे लिहिल्याबद्दल. आईला हे आत्ताच वाचून दाखवलं, ती आजीचं सगळं करते. काही बोलली नाही पण मोबाईल मागून घेतला आणि परत स्वतः वाचत बसली. रविवारपासून संध्याकाळचं आजीचं मी बघणार आहे असं सांगितलंय तिला.

---

खानदेशी_पोर

मी पहिल्यांदाच लिहितोय इथे. धुळे जिल्हा. माझ्या वडिलांना परवा डॉक्टरांनी सांगितलं की किडनी पाच-दहा टक्केच चालतात, डायलिसिस चालू करावं लागणार. वडील शेतकरी, वय ५२. ते म्हणतात मी करणार नाही, तुमचा पैसा नि वेळ घालवणार नाही, जेवढं आहे तेवढं जगतो. आई नुसती रडतेय, दोन दिवस जेवली नाही. हा धागा रात्री पूर्ण वाचला. मला काहीच कळत नाहीये कुठून सुरुवात करू.

---

सिस्टर_मावशी

बाळा, आधी घाबरू नको. क्रमाने सांगते. एक, डॉक्टरांना आजच विचार फिस्टुला कधी करायचा. तो तयार व्हायला सहा-आठ आठवडे लागतात, कधी जास्त, तोवर गरज पडली तर मानेतनं नळी घालतात. ज्या हाताला फिस्टुला होणार त्या हाताचं रक्त काढू देऊ नको, सलाईन लावू देऊ नको, तिथे बीपी पण नाही मोजायचं. दोन, हिपॅटायटिस बी (काविळीचा एक प्रकार) च्या लसीचे डोस लगेच चालू करा. तीन, सीएपीडीचं पण विचारा, शेतकरी माणसाला आठवड्यातनं तीनदा शहरात जाणं जमत नसेल तर बरं पडतं पण घरात स्वच्छता पक्की पाहिजे. चार, पैशाचं: महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसलेला असतो त्याला रेशनकार्ड-आधार घेऊन भेट. जिल्हा रुग्णालयात पण डायलिसिस असतं, तिथे चौकशी कर. एसटीच्या साध्या गाडीला डायलिसिसच्या पेशंटला सवलत आहे, आगारात विचार काय कागद लागतात.

---

आईची_लेक

वडील "तुमचा पैसा घालवणार नाही" म्हणतात ना, माझी आई पण हेच म्हणायची. त्यांच्याशी वाद घालू नका. शेतातलं काहीतरी त्यांनाच विचारायला जा, खरोखर अडलेलं. या वर्षी कापूस लावायचा का मका, ठिबकचं कर्ज काढायचं का. त्यांच्याशिवाय तुमचं अडतंय हे त्यांना दिसू दे.

---

खानदेशी_पोर

सगळ्यांचे खूप आभार. मावशी, हाताचं माहीतच नव्हतं, काल त्याच हाताला सलाईन लावलेलं, आता सांगून ठेवलं. बाबांना संध्याकाळी शेतात नेलं. विहिरीच्या मोटरचं विचारलं तर अर्धा तास बोलत होते. सोमवारी सर्जनला दाखवायला तयार झालेत, मला म्हणे एकदा बघून येऊ, बाकी मी हो म्हटलेलं नाही. आईचं काय करू? ती अजून जेवत नाहीये.

---

गोदाकाठ

मित्रा, सोमवारी सर्जनने पुढची तारीख दिली की कळव. नाशिकला यायची वेळ आली तर मंगळ-गुरू-शनि दुपारी मी सेंटरच्या बाहेरच असतो, व्यनिमध्ये (खाजगी निरोपात) नंबर दिलाय, सौ. पण म्हणाली की तुझ्या वडिलांशी ती स्वतः फोनवर बोलेल, पेशंटचं पेशंट ऐकतो.

आईंना काम दे. आत्ता त्यांच्या हातात काहीच नाहीये म्हणून त्या रडताहेत. डॉक्टरांना विचारून घे वडिलांना दिवसाला किती पाणी चालेल, तेवढ्या मापाची एक बाटली सकाळी आईंनी भरायची आणि दिवसभर त्यातलंच द्यायचं, हिशोब त्यांच्याकडे. रोज सकाळी वजन करायचं आणि वहीत लिहायचं, त्या लिहीत नसतील तर त्यांनी काटा वाचायचा आणि तू लिही. भाजी दोन पाण्याने कशी काढायची ते सौ. त्यांना फोनवर सांगेल. आणि आज रात्री तू ताट वाढून घे, तिघांनी एकत्र बसा, वडिलांनाच सांग आईला पहिला घास घे म्हणायला. उद्यापासून दुपारी दोन तास आईंना झोपायला लाव, तेवढा वेळ वडिलांपाशी तू बस.